संकरित मक्याचा जमाखर्च : डहाणू-तलासरीतील लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने

एकरी किती क्विंटल मका येतो, हा प्रश्न शेतकऱ्यांच्या सभेत हटकून विचारला जातो. एकरी किती क्विंटल मका आला म्हणजे पेरणाऱ्याच्या पदरात काही पडते, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बियाणाच्या पिशवीवर छापलेले असते. दुसऱ्याचे उत्तर ज्याचे त्याने मांडावे लागते, आणि ज्याच्याजवळ एक-दीड एकरच जमीन आहे त्याला ते पेरणीपूर्वीच मांडावे लागते. हा हिशेब कसा मांडावा आणि त्यातून काय निघते, एवढेच या लेखात आम्ही पाहणार आहोत.

डहाणू आणि तलासरी हे पालघर जिल्ह्याचे अगदी उत्तरेकडचे तालुके. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा झाला. १९६० साली दोन राज्ये वेगळी झाली तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेले आणि तलासरी महाराष्ट्रात राहिले; त्यामुळे येथल्या माणसाचा बाजार आणि मजुरी आजही सीमेच्या दोन्ही बाजूंस आहे. तलासरीत दर दहा माणसांत सुमारे नऊ आदिवासी आहेत, त्यांत वारली सर्वांत अधिक. समुद्रकाठच्या पट्टीत चिकूच्या वाड्या आहेत आणि घोलवडच्या चिकूचे नाव दूरवर गेलेले आहे. पण वाडीचा मालक आणि डोंगराकडचा एक एकराचा धनी यांची शेती एक नव्हे. या दुसऱ्या माणसाकडे थोडे भाताचे खाचर असते, आणि थोडी उताराची वरकस जमीन, जिच्यात तो नाचणी, वरी, उडीद, तूर करतो. भात निघाला, दिवाळी झाली, की उचल घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर, मिठागरावर किंवा बांधकामावर जातात, आणि पुष्कळदा शाळेतली मुलेही त्यांच्याबरोबर जातात. म्हणून येथे पिकाचा विचार करताना दाण्याच्या वजनाबरोबर आणखी एक गोष्ट तोलावी लागते : या पिकाने माणूस दिवाळीनंतर आपल्या घरी राहू शकतो काय?

संकरित बियाणे महाग का?

प्रथम संकरित म्हणजे काय ते थोडक्यात सांगितले पाहिजे. मक्याचा तुरा शेंड्यावर असतो आणि कणीस कमरेशी. तुऱ्यातील पराग वाऱ्याने उडून कणसाच्या रेशमावर पडतो आणि दाणा धरतो. त्यामुळे मक्यात शेजारच्या ताटाशी संकर निसर्गतःच होत असतो. शास्त्रज्ञांनी असे केले की, एकेका ताटाचा पराग त्याच ताटाच्या रेशमाला देत पुष्कळ पिढ्या नेल्या आणि शुद्ध वाण तयार केले. हे शुद्ध वाण खुरटे असतात, दाणाही बेताचाच देतात. परंतु असे दोन दूरचे वाण एकमेकांशी जुळविले की पहिली पिढी आईबापांहून कितीतरी जोमदार निघते. अमेरिकेत जॉर्ज शल यांनी हे १९०८ च्या सुमारास दाखवून दिले. आपल्या देशात मक्याच्या सुधारणेची अखिल भारतीय योजना १९५७ साली सुरू झाली, आणि १९६१ साली गंगा, रणजित, डेक्कन ही पहिली संकरित वाणे शेतकऱ्यांपुढे आली.

या जोमाची किंमत दोन ठिकाणी द्यावी लागते. बियाणे ज्या मातृवाणावर तयार होते तो खुरटा, म्हणून बियाणे थोडे निघते आणि महाग पडते. दुसरे असे की, हा जोम एका पिढीपुरता असतो. संकरित मक्याचे दाणे राखून पुढल्या वर्षी पेरले तर काही ताटे उंच, काही बुटकी, काही वांझ अशी निघतात आणि उत्पन्न घटते. घरातली बाई भाताचे, नाचणीचे, वालाचे बी राखून ठेवते, तशी सोय येथे नाही. संकरित मका घेणारा शेतकरी दरवर्षी दुकानाशी बांधला जातो. ही निंदा नव्हे. परंतु खर्चाची पहिली ओळ दरवर्षी नव्याने लिहावी लागणार, हे समजून घेतले पाहिजे.

पाऊस आणि पाणी

या भागात दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. भाताला तो मानवतो, मक्याला नाही. मक्याच्या मुळांशी दोन-तीन दिवस पाणी तुंबले तर रोप पिवळे पडते आणि मग वर दिलेले खतही त्याला घेता येत नाही. तेव्हा पावसाळी मका खाचरात कधीही करू नये. करायचा तर पाणी वाहून जाईल अशा उताराच्या जमिनीत, सरीवरंब्यावर करावा. आणि उताराची जमीन हलकी असते, म्हणून तेथे पिशवीवरच्या उत्पन्नाची आशाही धरू नये.

खरा वाव आहे तो भातानंतरच्या रब्बी मक्याला. ऊन स्वच्छ असते, थंडी बेताची असते, पाणी आपल्या हातात असते. पण ते हातात असले पाहिजे! रब्बी मक्याला साधारणपणे पाच-सहा पाळ्या द्याव्या लागतात. त्यांतील तुरा येण्याची, रेशीम सुटण्याची आणि दाणा भरण्याची, या तीन वेळा चुकल्या तर कणीस दिसते पण दाणा दिसत नाही. डहाणूच्या काही गावांना सूर्या प्रकल्पाचा कालवा आहे, तलासरीत कुर्झे धरण आहे. सूर्येच्या पाण्यातला मोठा वाटा आता वसई-विरार आणि मीरा-भाईंदर या शहरांकडे जातो, ही गोष्टही शेतकऱ्याने लक्षात ठेवावी. ज्याच्या शेताला फेब्रुवारीअखेर पाण्याची खात्री नाही, त्याने संकरित मक्याचा हिशेब येथेच मिटवावा आणि ओलीवर येणारा वाल किंवा हरभरा घ्यावा.

एका एकराचा खर्च

आता ज्याच्याकडे पाणी आहे त्याचा हिशेब मांडू. खालचे आकडे कोणत्याही पाहणीतले नाहीत. हिशेबाची रीत समजावी म्हणून आम्ही ते धरले आहेत. जेथे सरकारी दर आहे तेथे तो घेतला आहे. बाकीच्या ठिकाणी वाचकाने आपल्या गावचा दर घालावा.

ओळीत साठ सेंटिमीटर आणि दोन ताटांत वीस सेंटिमीटर अंतर ठेवले तर एकरात सुमारे ३३,००० ताटे बसतात. त्यासाठी ८ किलो बियाणे लागते. किलोला ३५० रुपये धरले तर २,८०० रुपये झाले. म्हणजे एकेक दाणा सुमारे नऊ पैशांना पडला. खताची सर्वसाधारण शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश अशी आहे. एकराच्या मानाने डीएपीची एक गोणी १,३५० रुपयांस, युरियाच्या दोन गोण्या ५३३ रुपयांस आणि पोटॅशची अर्धी गोणी ८५० रुपयांच्या आसपास. मिळून सुमारे २,७५० रुपये. ट्रॅक्टरची नांगरट आणि सरी २,५००, फवारणीची औषधे १,२००, पंपाचा खर्च २,०००, मळणीयंत्राचे भाडे १,५००, बारदान आणि वाहतूक १,०००, किरकोळ २५०. ही सर्व बेरीज १४,००० रुपये होते. हा रोख खर्च होय. हे पैसे घरातून बाहेर जातात.

दुसरा खर्च अंगमेहनतीचा. टोकणीस ६ दिवस, दोन खुरपण्यांस १६, खत देऊन भर लावण्यास ४, पाणी देण्यास ५, फवारणीस २, आणि तोडणी, सोलणी व वाळवणीस १२. असे ४५ दिवस होतात. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा केंद्राने ठरविलेला दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दराने ४५ दिवसांचे १४,०४० रुपये होतात. म्हणजे रोख खर्च जेवढा, जवळजवळ तेवढीच घरची मजुरी. रात्री रानडुकरांसाठी आणि सकाळी पोपटांसाठी जी राखण करावी लागते ती यात धरलेलीच नाही.

घरची मजुरी धरावी की नाही, यावर गावात नेहमी वाद होतो. 'घरचीच माणसे, त्यांना कोण पैसे देतो?' असे म्हटले जाते. केंद्र सरकारचा कृषी मूल्य आयोग मात्र ती धरतो. १९६५ साली स्थापन झालेल्या या आयोगाने २०२५-२६ च्या हंगामासाठी मक्याचा रोख खर्च आणि घरची मजुरी मिळून क्विंटलला १,५०८ रुपये उत्पादनखर्च काढला आणि सरकारने हमीभाव २,४०० रुपये जाहीर केला. कागदावर हा फरक मोठा दिसतो. परंतु १,५०८ ही साऱ्या देशाची सरासरी आहे. आमच्या या एकरात खर्च २८,०४० रुपये आहे. त्यात २० क्विंटल पिकले तर क्विंटलला १,४०२ रुपये खर्च पडतो. १२ क्विंटलच पिकले तर तोच खर्च २,३३७ रुपयांवर जातो. हमीभावाने दिलेला फायदा अशा रीतीने कमी पिकात विरून जातो.

दोन उंबरठे

आता भावाकडे वळू. हमीभाव जाहीर होणे आणि तो हातात पडणे यांत अंतर असते. नोव्हेंबर २०२५ मध्ये कर्नाटकात मक्याचा भाव हमीभावाच्या पुष्कळ खाली घसरला आणि शेतकऱ्यांना रस्त्यावर यावे लागले. आपल्याकडे आदिवासी विकास महामंडळ भात हमीभावाने खरेदी करते. मक्याची खरेदी आपल्या जवळच्या केंद्रावर होणार आहे की नाही, हे पेरणीपूर्वी विचारून घ्यावे. होणार नसेल तर हिशेब व्यापाऱ्याच्या भावानेच करावा. आम्ही येथे क्विंटलला १,८०० रुपये धरतो.

या भावाने १४,००० रुपये रोख खर्च भरून निघण्यास जवळजवळ ८ क्विंटल मका लागतो. हा पहिला उंबरठा. याच्या खाली पीक आले तर गाठीचे पैसेही गेले. घरच्या मजुरीसह सर्व खर्च भरून निघण्यास साडेपंधरा क्विंटलांहून थोडा अधिक, म्हणजे १६ क्विंटलच धरा, एवढा मका लागतो. हा दुसरा उंबरठा. खरा नफा त्याच्या वर सुरू होतो. हमीभावच हातात पडला तर हे उंबरठे अनुक्रमे सुमारे ६ आणि १२ क्विंटलांवर उतरतात. खरेदी केंद्र जवळ असण्याचे मोल किती आहे, ते यावरून कळेल.

बरे पीक आले आणि २० क्विंटल झाले, तर १,८०० च्या भावाने ३६,००० रुपये येतात. रोख खर्च वजा जाता २२,००० उरतात. ते ४५ दिवसांवर वाटले तर दिवसाला ४८९ रुपये पडतात. हे बाहेरच्या मजुरीपेक्षा चांगले आहे. मध्यम पीक, १२ क्विंटल, झाले तर २१,६०० येतात, ७,६०० उरतात आणि दिवसाला १६९ रुपये पडतात. हातात पैसे दिसतात म्हणून शेतकरी याला नफा म्हणतो. वास्तविक त्याने आपली मजुरी अर्ध्या दराने विकलेली असते. वाईट साली ८ क्विंटल झाले, तर १४,४०० येतात आणि ४०० रुपये उरतात. पंचेचाळीस दिवस फुकट गेले.

तेव्हा, 'संकरित मका परवडतो काय?' या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर नाही. आठ आणि सोळा या दोन आकड्यांच्या मध्ये आपले शेत कोठे बसते, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे आहे.

उधारीची ओळ

या हिशेबात अद्याप एक ओळ लिहिलेली नाही, आणि या प्रदेशात तीच सर्वांत जुनी आहे. पेरणीच्या दिवसापर्यंतच नांगरट, बियाणे आणि खत मिळून आठ हजार रुपये लागतात, आणि त्या वेळी भात अजून विकलेले नसते किंवा घरी खाण्यास ठेवलेले असते. मग पैसे कोठून येतात? दुकानदाराकडून किंवा सावकाराकडून. १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या सिमिंग्टन यांच्या अहवालात या भागातील सावकारी आणि वेठ यांचे चित्र आहे. १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली तलासरीजवळच्या झरी येथून वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध जो उठाव केला, त्याच्या मुळाशी कर्जाने बांधलेले हेच जिणे होते. ती वेठ गेली. पण पेरणीला पैसे नसणे आणि पीक येण्याआधीच ते कोणाचे तरी झालेले असणे, हे दुखणे नव्या पिकाबरोबर नव्या रूपाने परत येऊ शकते.

१४,००० रुपये दरमहा शेकडा ३ दराने पाच महिने वापरले तर २,१०० रुपये व्याज होते. म्हणजे पहिला उंबरठा आठावरून नऊ क्विंटलांवर गेला आणि दुसरा सतरापाशी पोचला. शिवाय उधारीवर माल देणारा मका आपल्यालाच, आपल्या भावाने घालण्याची अट घालतो. क्विंटलमागे शंभर रुपये त्याने कमी दिले तर वीस क्विंटलांत आणखी दोन हजार गेले. याच्या उलट, पीककर्ज वेळेवर फेडणाऱ्याला ३ लाखांपर्यंत व्याज पडू नये अशी महाराष्ट्राची योजना आहे. अडचण कागदाची असते. सातबारा आजोबांच्या नावावर, वाटणी तोंडी, किंवा जमीन २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा. वारसनोंद आणि पट्ट्याची नोंद यांसाठी तहसील कचेरीत घातलेले दोन दिवस हे मक्याच्या हिशेबातील सर्वांत किफायतशीर दिवस होत, असे आम्हांस वाटते.

वाया जाणारे चार पैसे

उत्पन्न आठाकडून सोळाकडे नेणाऱ्या गोष्टी महागड्या नाहीत. पहिली, ताटांची संख्या. वीस क्विंटल पीक म्हणजे ताटामागे अवघे साठ ग्रॅम दाणे, एक रुपया किमतीचे. टोकणीनंतर आठवड्याने जेथे उगवले नाही तेथे दाणा पुन्हा टोकला नाही, तर प्रत्येक खाडा एका रुपयाचा आहे.

दुसरी, लष्करी अळी. ही अमेरिकेतली अळी २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकात प्रथम आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. ती पोंग्यात बसून आतून खाते. रोप गुडघ्याएवढे होईपर्यंत आठवड्यातून दोनदा शेतात फिरून पोंगे पाहावेत. अंडीपुंज हातानेच चिरडावेत. फवारणी लागली तर इमामेक्टिन बेंझोएट लिटरला ०.४ ग्रॅम या प्रमाणात, सायंकाळी, पोंग्यात जाईल अशी करावी. अळी मोठी झाल्यावर, तिची विष्ठा पोंग्यात साचल्यावर केलेली फवारणी म्हणजे औषधाचा खर्च मात्र होय.

तिसरी, युरिया. तो एकदम न टाकता पेरणीस, गुडघाभर उंचीस आणि तुऱ्याच्या आधी असा विभागून, मातीआड द्यावा. चौथी, वाळवण. तोडणीच्या वेळी दाण्यात पुष्कळ ओल असते. सरकारी खरेदीला १४ टक्क्यांच्या वर ओल चालत नाही. २० टक्के ओलीचा क्विंटल १४ टक्क्यांवर आणला तर ९३ किलो भरतो, म्हणजे सात टक्के घट येते. व्यापाऱ्याने ओलीसाठी भावात सात टक्क्यांहून अधिक कापले, तर आपल्या खळ्यात चार दिवस वाळविणेच फायद्याचे.

दाणा की कणीस?

दाण्याचा मका कोंबड्यांच्या खाद्याकडे, स्टार्चच्या कारखान्यांकडे आणि अलीकडे इथेनॉलकडे जातो. ते बाजार मोठे आहेत. तेथे एक एकराच्या शेतकऱ्याचे काही चालत नाही. पण डहाणू-तलासरीला एक सोय आहे जी विदर्भ-मराठवाड्याला नाही : मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि डहाणूपर्यंत येणारी लोकल. हिरवे कणीस रब्बीत साधारण तीन महिन्यांत निघते. दहा गुंठ्यांत सुमारे ८,००० ताटे असतात. त्यांत ५,००० कणसे विकण्याजोगी निघाली आणि जागेवर तीन-तीन रुपये मिळाले, तर १५,००० रुपये होतात. त्याच दहा गुंठ्यांत दाण्याचे बरे पीक आले तरी ५ क्विंटल, म्हणजे ९,००० रुपये. पाण्याची एखादी पाळी वाचते, मळणी वाचते आणि हिरवे ताट बैलाला किंवा गाईला मिळते. परंतु कणीस तोडल्यावर त्याची गोडी दिवसागणिक उतरते, म्हणून एकदम सगळे पिकवू नये. दहा-दहा गुंठे पंधरवड्याच्या अंतराने टोकावेत, आणि विकत घेणारा आधी ठरवावा.

नव्याने सुरुवात करणाऱ्यास आमची सूचना अशी की, पहिल्या वर्षी दहा गुंठेच करावेत. त्यात रोख सुमारे साडेतीन हजार रुपये गुंततात. पीक सगळे गेले तरी घर मोडत नाही. बियाण्याची पिशवी आणि पावती जपून ठेवावी, कारण उगवण फसली तर तक्रारीस तोच पुरावा. मातीची तपासणी आणि वाणाची निवड यांसाठी कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारावे. आलेला मका तोलून लिहून ठेवावा. त्या दहा गुंठ्यांत दोन क्विंटल झाले तर आपण पहिल्या उंबरठ्यावर आहोत, चार झाले तर दुसऱ्यावर. पुढच्या वर्षीचा निर्णय त्या वजनाने करावा, पिशवीवरच्या चित्राने नव्हे.

आणि दिवाळीनंतर घरी राहण्याचा प्रश्न? त्याचे उत्तर आम्ही वाढवून सांगणार नाही. एक एकर मका माणसाला पंचेचाळीस दिवसांचे काम देतो. वीटभट्टीचा हंगाम पाच-सहा महिन्यांचा असतो. एकट्या मक्याने ही पोकळी भरत नाही. त्याच्या जोडीला बांधावर तूर, दहा गुंठे भाजी, दोन शेळ्या किंवा एखादी दुभती गाय असली, आणि उधारीचा फास गळ्यात नसला, तर मात्र घरातील निदान एक माणूस, आणि त्याच्यापाशी शाळेत जाणारी मुले, गावात राहू शकतात. आमच्या मते डहाणू-तलासरीत संकरित मक्याचा खरा नफा मोजावयाचा तो येथे.